लॉबीतल्या म्हशी

दिवाळी तोंडावर आली, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायला लागलं, की नागपूरच्या माणसाला हायसं वाटतं. उन्हाळ्यानं भाजून काढलेलं असतं, पावसानं चिकचिक केलेली असते, आणि जाता जाता ऑक्टोबरनं पुन्हा एकदा हात दाखवलेला असतो. मग एक दिवस पहाटे पंखा बंद करायला कोणीतरी उठतं आणि थंडी आली असं घरात जाहीर होतं. मलाही हे दिवस फार आवडायचे. मागच्या वर्षीपासून मात्र ही हवा सुटली की माझं डोकं तापतं. घरचे म्हणतात, बीपी बघून घे. मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली आहे, बीपी मला बघता येतं. ते बरोबर आहे. हा राग आहे, आणि तो गोळी घेऊन घालवायची माझी इच्छा नाही.

राग एका चित्राचा आहे. मनीषनगरला आमच्या सोसायटीच्या लॉबीत, लिफ्टच्या शेजारी, ते वर्षभर टांगलेलं होतं. लहान मुलाच्या खाटेएवढी फ्रेम, पुढे काच, वर एक पिवळा दिवा. चित्रात जनावर म्हणावं असं एकदम काही दिसत नाही. गेरूच्या आणि पांढऱ्या रेघा आहेत. काही लांब मागे ओढलेल्या, काही कमानीसारख्या वाकलेल्या, मध्येच एखादी फटकन आडवी मारलेली. आणि त्या रेघांमध्ये ठिकठिकाणी गोल, काळे, टपोरे डोळे. खाली पितळी पट्टीवर नाव, ‘रँच लाइफ’. त्याखाली बारीक अक्षरांत, ‘अमूर्त रेखाटन’. पाहुणे लिफ्टची वाट बघत मान वाकडी करून बघायचे. कोणी म्हणायचं मासे आहेत, कोणी म्हणायचं होड्या. मी भाजीची पिशवी घेऊन बाजूला उभी असायची. सांगायला गेलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून तोंड दाबून उभी राहायची.

आता सांगते. ती लांब, मागे ओढत नेलेली रेघ म्हणजे चंद्रीची शिंगं. आमच्या भागातल्या म्हशींची शिंगं मागे पार खांद्यापर्यंत जातात, आणि चंद्रीची तर इतकी लांब की माशी बसली तर ती शिंगानंच पाठ खाजवायची. ती कमान म्हणजे मोरी. बसली की मान पोटाशी घ्यायची, हाक मारली तरी वर करायची नाही. फटकन मारलेली आडवी रेघ म्हणजे झिपरी, जिच्या लाथेनं माझ्या धाकट्या भावाचा, गजूचा, पुढचा दात गेला. या सगळ्या माझ्या माहेरच्या म्हशी. रेघा माझ्या आईच्या. डोळे तेवढे तिचे नाहीत.

रँच म्हणजे काय, हे मी मुद्दाम मुलाला विचारलं. तो म्हणाला, अमेरिकेत गुरं राखायची मोठमोठी कुरणं असतात, माणसं टोप्या घालून घोड्यावरून फिरतात. आमच्या गोठ्यात टोपी एकच होती, गजूची माकडटोपी, आणि घोडा फक्त वरातीत बघितलेला. गोठा म्हणायला काय जीभ झडते? गोठा म्हटलं की वास येतो, शेण आठवतं, आणि मग ते शेण उचलणारी माणसं आठवतात. रँच म्हटलं की कसं सगळं लांबचं, स्वच्छ, सिनेमातलं.

माझ्या लहानपणी मनीषनगर हे नाव उच्चारलं तर रिक्षावाला तोंडाकडे बघायचा. बाभळी, पळस, मध्ये मध्ये ज्वारीचे तुकडे आणि एक मोठा नाला. तिथल्या एका शेतमालकानं माझ्या आजोबांना गोठा घालू दिला. कागद नाही, करार नाही, शेताला शेणखत आणि मालकाच्या घरी रोज दूध, एवढ्यावर दोन पिढ्या गेल्या. आम्ही गवळी. सायकलला कॅन लावून बाबा अजनीपर्यंत दूध घालायचे. माझं लग्न होऊन मी कोराडीला गेले. नवरा वीजकेंद्रात, मी तिथल्या एका दवाखान्यात. कॉलनीत सगळं होतं, फक्त सकाळी तुळशीच्या पानावर राखेचा थर असायचा आणि पांढरी साडी पांढरी राहायची नाही. बाबा गेले, मालक गेला, मालकाच्या मुलांनी पुढचं शेत बिल्डरला दिलं, मागचा तुकडा गोठ्यासकट तसाच ठेवला. तिथे ही इमारत उभी राहिली. नाव ठेवलं कृष्णाच्या गावावरून. आम्ही निवृत्तीचे पैसे घालून इथेच फ्लॅट घेतला, आणि मी हट्टानं मागची बाल्कनी घेतली. बिल्डरचा माणूस सांगत होता, मॅडम, मागे गोठा आहे, पुढचा घ्या. मी म्हटलं, गोठा आहे म्हणूनच मागचा.

त्या बाल्कनीतून मला आई दिसायची. तिला म्हातारपण आलं होतं, पण पहाटे बादलीत दुधाची धार वाजायला लागली की समजायचं, आई उठली. गजू धार काढायचा, आई वासरं सोडायची, कडबा टाकायची, म्हशींशी बोलायची. माणसांशी ती कमीच बोलते. गोठ्यातून वर बघून हाक मारायची, “बेबी, चहा ठेवला का वं?” मी पन्नाशी ओलांडलेली बाई, नातवंडं खेळवायच्या वयाची, आणि सगळ्या सोसायटीला माझं नाव बेबी आहे हे कळलं. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

आमच्या घरची एक रीत आहे. दिवाळीच्या पाडव्याला गोधन पुजतात, हे सगळीकडेच आहे. म्हशी धुवायच्या, शिंगांना तेल आणि गेरू लावायचा, दारात शेणाचं गोधन करून त्यात झेंडू खोचायचा आणि जनावरं त्यावरून बाहेर काढायची. आमच्याकडे त्याआधी, पाडव्याच्या सकाळी, घरातली मोठी बाई गोठ्याच्या सारवलेल्या भिंतीवर सगळी जनावरं काढते. कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला करायचा, गेरू आणि चुना दोन वाट्यांत कालवायचा. पण जनावर पुरतं काढायचं नाही. चार पाय, शेपूट, तोंड असं तर नाहीच. प्रत्येकीची एखादी सवय, एखादी ढब, तेवढीच रेघेत धरायची. आणि डोळा तर चुकूनसुद्धा द्यायचा नाही. डोळा दिला की भिंतीवरची म्हैस पुरी होते, लोकांना ओळखू येते, आणि ओळखू आली की नजर लागते, दूध आटतं. ज्याची म्हैस आहे त्याला रेघ बघून कळली पाहिजे, दुसऱ्याला नाही. आजी तसं काढायची, आई तसं काढायची. लहानपणी मी एकदा चोरून एका रेघेला डोळा काढायला गेले तर आजीनं माझ्या हातावर काडी अशी मारली की हात लाल झाला.

आता मी काही नजर मानत नाही. दवाखान्यात लिंबू-मिरची बांधून आलेली पोरं मी बघितलीत आणि त्यांच्या आयांना रागावलेही आहे. पण आईची ती भिंत बघताना माझ्या मनात कायम यायचं की ही किती शहाणी रीत आहे. आपल्या माणसाला आपण त्याच्या नाकाडोळ्यांवरून कुठे ओळखतो? दाराची कडी कशी वाजवतो, जिना चढताना कुठे थांबतो, त्यावरून ओळखतो. आई म्हशींना तसं ओळखायची आणि तेवढंच काढायची. पावसाळ्याआधी भिंत पुन्हा सारवली जायची, चित्र शेणामातीखाली जायचं, पुढच्या पाडव्याला नवीन. वर्षभरात गेलेली म्हैस त्यात नसायची, नवीन आलेली असायची. जपून ठेवायची वस्तू ती नव्हतीच.

तर मागच्या वर्षी नवरात्रात सोसायटीची मीटिंग झाली. विषय दोन. लॉबी सजवायची आणि मागचा गोठा हटवायचा. दोन्ही एकाच मीटिंगमध्ये, एकाच चहावर. त्या चहाचं दूध गजूनं दिलेलं होतं. सेक्रेटरीसाहेब फार गोड बोलतात. म्हणाले, वास येतो, माशा होतात, मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, शिवाय फ्लॅटचा भाव पडतो. माशा होत्या, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात नाली तुंबायची तेव्हा वासही यायचा. गजू स्वतः मीटिंगला येऊन सांगत होता की मी पक्की नाली बांधून देतो, शेण रोज उचलून नेतो, फक्त उन्हाळ्यापर्यंत सवड द्या. त्याला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. त्याचं बोलणं संपल्यावर कोणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही, थेट पुढचा विषय घेतला.

मी उठले. म्हटलं, गोठा आधीचा आहे, तुम्ही नंतर आलात. घर घेताना तो दिसत होता ना? गोठा काही रात्रीतून उगवला नाही. सेक्रेटरीसाहेब हसले आणि म्हणाले, “मॅडम, तुमचा भावनिक प्रश्न आहे, आम्ही समजू शकतो.”

भावनिक! माझ्या भावाचं घर त्या म्हशींवर चालतं, त्याच्या दोन मुलींची फी त्या म्हशींवर जाते, माझी आई त्या म्हशींमध्ये जगते, आणि प्रश्न भावनिक. आणि यांच्या फ्लॅटचा भाव हा मात्र व्यवहार. माणसाला खाली बसवायचं असलं की त्याला भावनिक म्हणायचं, ही युक्ती मी दवाखान्यात डॉक्टरांकडूनही पुष्कळदा ऐकली आहे. हात वर झाले, ठराव झाला, तक्रार गेली. मालकाच्या मुलांनाही जागा मोकळी हवीच होती. दिवाळी होऊ द्या आणि मग जागा सोडा, असा निरोप आला. दिवाळी होऊ द्या, हे त्यांनी फार मोठेपणानं सांगितलं.

लॉबी सजवायचं काम सेक्रेटरीसाहेबांच्या भाचीला दिलं. पुण्याहून इंटिरियरचं शिकून आलेली पोर. पोर वाईट नव्हती, हे आधीच सांगते. मोजमापं घेत फिरताना ती एकदा माझ्याकडे पाणी प्यायला आली, बाल्कनीत गेली आणि खाली बघतच राहिली. गोठ्याच्या भिंतीवर आदल्या दिवाळीच्या रेघा होत्या. त्या वर्षी गजूनं वरून पत्रा पुढे काढला होता, पावसाचं पाणी भिंतीला लागलं नाही, म्हणून आईनं सारवण पुढे ढकललेलं. पोर म्हणाली, काकू, हे कोणी केलं? किती अमूर्त आहे! मी तिला खाली घेऊन गेले. मला बरंच वाटलं होतं. वाटलं, ज्या गोठ्याचा वास येतो म्हणतात त्याची भिंत तरी कोणाला आवडली. कोण जाणे, त्यातून काही सुचेल, काही थांबेल.

आईनं तिला खाटेवर बसवलं, नुकत्याच व्यालेल्या झिपरीच्या चिकाचा खरवस खाऊ घातला. पोर मोबाइलवर फोटो घेत होती आणि आई एकेक रेघ बोटानं दाखवून सांगत होती, ही चंद्री, ही मोरी. इतकं बोलताना मी आईला क्वचितच बघितलं आहे. आणि तिनं मला ऐकू येईल असं सांगितलं, “काढतं त काढ बाई, पण डोळे देजो नको. आमच्यात देत नाही.” पोर म्हणाली, हो आजी. मी तिथे होते. तिनं हो म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे.

मग कोजागिरी झाली. सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध. दूध कुठलं? गोठ्यातलं. गजूनं दोन कॅन वर चढवून दिले, सगळ्यांनी ग्लास भरभरून प्यायले, वा वा, असं दूध पाकिटात कुठे मिळतं, असंही म्हणाले. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. ठरावाला वर झालेला हात तोच, ग्लास धरणारा तोच. मला दूध घशाखाली उतरेना, पण आईच्या म्हशींचं म्हणून टाकवेना. शेवटी गार झालेलं प्यायले.

पोरीनं त्या फोटोंवरून चित्र काढलं आणि धनतेरसला त्याचं अनावरण ठेवलं. आईला बोलावणं आलं, सन्मान करायचा आहे म्हणे. मी म्हटलं, आई, जायचं नाही. गजू म्हणाला, “ताई, जाऊ दे ना तिले. आपलं चित्र लागून राहिलं एवढ्या मोठ्या जागी. काय सांगता येते, पाहून पाघळतील.” बिचारा. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की माणसं पाघळतात. आई हिरवं लुगडं नेसून आली. पुढच्या रांगेत प्लॅस्टिकची खुर्ची, पायांत स्लीपर, कारण संगमरवरी फरशीवर तिचा पाय सटकत होता. सेक्रेटरीसाहेब आपली माती, आपली मुळं, ग्रामसंस्कृती यावर बोलले. मुळं उपटायला आठवडा राहिला होता. मग पडदा सरकवला आणि मला ते डोळे दिसले.

प्रत्येक रेघेला डोळा. चंद्रीला, मोरीला, झिपरीला, वासरांनासुद्धा. आई खुर्चीतून उठली, काचेपर्यंत गेली, कपाळ जवळजवळ काचेला लावून तिनं बघितलं. मग त्या पोरीला विचारलं, “डोळे काहून देले वं बाई?” आवाज चढवून नाही, अगदी घरात विचारावं तसं. पोर गोंधळली. म्हणाली, आजी, नाहीतर बघणाऱ्यांना कळत नव्हतं कशाचं चित्र आहे ते. मामा म्हणाले, थोडं ओळखू यायला पाहिजे.

“लोकायले कायले कळाले पाह्यजे? मले कळते ना.”

तोवर सेक्रेटरीसाहेबांनी आईच्या अंगावर शाल घातली होती आणि हातात नारळ दिला होता. दोन शब्द बोला म्हणून माइक तोंडापुढे धरला. आईनं आयुष्यात माइक धरला नव्हता. ती माइकला सोडून सेक्रेटरीसाहेबांकडेच बघत म्हणाली, “मी म्हशी कुठं नेऊ, ते सांगा.” माइक लांब होता. शब्द मागेपर्यंत पोचले नसतील, असं म्हणून मी अजूनही त्या लोकांना सोडून द्यायचा प्रयत्न करते. पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं होतं. सेक्रेटरीसाहेबांना तर गेलंच होतं. त्यांनी माइक बाजूला घेतला आणि टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. आईला कळेना टाळ्या कशाच्या. तिनं आपल्याच मागे कोणी उभं आहे का ते वळून बघितलं. मला आजही ते वळून बघणं आठवलं की लॉबीची काच फोडावीशी वाटते.

पाडव्याला आईनं भिंतीवर काहीच काढलं नाही. गेरू कालवलेला तसाच वाटीत वाळला. मी विचारलं तर म्हणाली, एकदा काढून झालं ना, डोळ्यासकट. म्हशी धुतल्या, शिंगं रंगवली, गोधन केलं, जनावरं त्यावरून काढली. सोसायटीतली मुलं गंमत बघायला आली होती आणि आईनं त्यांना बत्तासे दिले. त्यांच्यावर राग धरायचा कशाला, ती म्हणाली, पोरंच ती.

भाऊबीज झाली आणि दोन गाड्या आल्या. खापरखेड्याच्या बाजूला, तिथल्या वीजकेंद्राची राखेची नाली जाते त्या रस्त्याला, गजूला भाड्यानं एक तुकडा मिळाला होता. म्हशी गाडीत चढेनात. चंद्रीची शिंगं फळ्यांत अडकत होती, मोरी तर बसलीच खाली. गजू ओढून दमला. तेव्हा आई फळीवरून स्वतः गाडीत चढली, आत जाऊन उभी राहिली आणि तिनं मोरीला हाक मारली. मोरी उठली आणि गेली तिच्यामागे. वरच्या बाल्कन्यांतून मोबाइल धरलेले हात दिसत होते. ज्यांना गोठा बघवत नव्हता त्यांना गोठा जाताना मात्र बघायचा होता.

मी आईचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, तू तरी माझ्याकडे राहा, या वयात तिकडे धुरात कशाला? मागची खोली रिकामी आहे. ती म्हणाली, “तुह्या घरी मी दिवसभर काय करू? खिडकीतून रिकामी जागा पाहू?” गाडी सुरू झाली.

त्या जागेवर आता पार्किंग आहे.

वर्ष कसं गेलं ते विचारू नका. तिथे नवीन गिऱ्हाईक नाही, जुनं गिऱ्हाईक लांब पडलं. चारा विकतचा, पाणी टँकरचं, आणि वारा तिकडून आला की पाण्यावर राखेची साय. म्हशींचं दूध निम्म्यावर आलं. वैशाखात चंद्री गेली, मागे एक वगार, म्हणजे म्हशीची पोर, ठेवून. आई म्हणते, डोळे दिले त्याचं झालं. मी म्हणते, जागा बदलली, पाणी बदललं, राख पोटात गेली. आमचं दोघींचं यावर भांडणही होतं. मग घरी परत येताना बसमध्ये वाटतं, मी कशाला भांडते? हिच्या म्हणण्यात निदान कोणीतरी काहीतरी केलं एवढं तरी आहे. माझ्या म्हणण्यात सगळं आपोआप झालं, कोणाचाच हात लागला नाही. आणि हात तर मीटिंगमध्ये वर झालेले मी बघितले आहेत, मोजूनही सांगू शकेन.

आणि आता यंदाची दिवाळी. वसुबारसेच्या सकाळी मी खाली उतरले तर लॉबीत लगबग. चित्राखाली ‘पारंपरिक कोपरा’ करायचा होता. बैलगाडीचं चाक आणलेलं, दोन घागरी, थोडं गवत. आणि एका खोक्यातून सेक्रेटरीसाहेबांच्या बाई पाकिटं काढत होत्या. प्लॅस्टिकचं पाकीट, आत छान गोल, एकसारख्या गोवऱ्या. गोधनासाठी, ऑनलाइन मागवलेल्या. मला म्हणाल्या, बघा ना, अजिबात वास येत नाही.

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती पायापर्यंत उतरली. बैलगाडीचं चाक आडवं करून मी त्यावर चढले. गुडघा कुरकुरला, पण चढले. फ्रेम दोन खिळ्यांवर होती, उचलून घेतली. वॉचमन धावला, पण थांबवायला नाही, पडीन म्हणून खालून धरायला. सेक्रेटरीसाहेब जिन्यातून आले. हसू होतंच तोंडावर.

“मॅडम, ही सोसायटीची प्रॉपर्टी आहे.”

“हो,” मी म्हटलं, “आणि म्हशी आमच्या होत्या.”

ते पुढे बोलत राहिले, ठराव, खर्च, नोटीस. करा म्हटलं, काय करायचं ते. नोटीस येईल, मी वाट बघते आहे. कोपऱ्यावरचा मालवाहू ऑटो केला, फ्रेम आडवी घातली आणि तिच्याजवळ बसून खापरखेड्याला गेले. कोराडीच्या पुढे कोळशाच्या ट्रकांची रांग होती, त्यांच्यामागे अर्धा रस्ता कण्हत गेलो. रस्ताभर मी मनात ठरवत होते, आईला काय सांगायचं. सांगायचं की घेऊन आले तुझं तुला. वाटलं होतं ती काचेवरून हात फिरवेल, चंद्रीच्या रेघेजवळ थांबेल, कदाचित रडेल. वर्षभर रडलेली नव्हती. मला तिनं रडायला हवं होतं, हेही खरं.

आई गोठ्यात होती. पत्र्याचा गोठा, भिंती पत्र्याच्याच, नागमोडी, त्यावर रेघ धरत नाही. मी आणि ऑटोवाल्यानं फ्रेम आणून खांबाला टेकवली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि समोर उभी राहिली.

“आनलं?”

“आणलं.”

“त्यायले विचारलं?”

“नाही.”

तिनं चित्राकडे थोडा वेळ बघितलं, मग फ्रेमच्या मागे गेली. मागच्या प्लायवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, कडा दाबून पाहिल्या. म्हणाली, लाकूड पक्कं हाय. आणि गजूला हाक मारून कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे पत्रा कमी पडला होता. त्या फटीतून सगळा वारा आत यायचा, नेमका चंद्रीच्या वगारीच्या अंगावर. गजूनं पोतं बांधलं होतं, ते रोज उडायचं. यंदा थंडी लवकर पडली आहे आणि वगार दोन दिवस कुडकुडत होती.

मी म्हटलं, आई, अगं चित्र आहे ते तुझं.

“माहं चित्र भिंतीवर होतं. भिंत पडली. हे त्यायचं हाय.” तिनं तार गजूच्या हातात दिली आणि मला म्हणाली, “धर तू तिकून. तोंड बाहेर कर त्याचं, इकडे नको.”

मी फ्रेम फिरवली. चित्र बाहेर गेलं, वीजकेंद्राच्या चिमणीकडे तोंड करून, आणि आत कोरा प्लाय आला. गजूनं तार पिळून घट्ट केली. वगार जवळ आली, तिनं प्लायला नाक लावून हुंगलं आणि तिथेच खाली बसली. आईनं फटीपाशी हात धरून बघितला. वारा येत नव्हता.